पलीकडच्या तिसऱ्या

खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचून विकणारी मावशी दोन तिसऱ्या एकमेकींवर आपटायची आणि कान देऊन ऐकायची. खणखणीत वाजली तर टोपलीत, बद्द वाजली तर परत खाडीत. बद्द म्हणजे आत जीव नाही, नुसता चिखल. "गो बाय, तुजा मशीन ह्याच्यापेक्षा जास्ती काय सांगता?" असं ती विचारायची आणि मी शिकलेपणाच्या तोऱ्यात हसायचे.

तिसरी दिवसभर खाडीचं पाणी गाळत बसते आणि त्यातलं शिसं, कॅडमियम अंगात साठवते. तिचं मांस वाळवून, आम्लात विरघळवून ते मोजायचं, हा माझा प्रबंध. नमुने दोन जागांचे हवे होते : होड्या खरवडून रंगवतात आणि रंगातलं शिसं पाण्यात उतरतं त्या जेटीजवळचे आणि खाडीपलीकडच्या, भाट्याकडच्या स्वच्छ वाळूतले. मी स्वतः उतरायला हवं होतं. पण मावशी म्हणाली, "तू नको उतरू, पाय कापशील." मला पडत्या फळाची आज्ञाच. ओहोटीला ती खाडीत आणि मी तिच्या पडवीत, सुनेच्या हातचा चहा पीत. मावशी दोन पिशव्या भरून आणायची. लाल जेटीची, निळी पलीकडची.

गिऱ्हाइकाला तिने कधी बारीक तिसरी दिली नाही. बारीक, फुटक्या घरच्या कालवणात जायच्या. "दुसऱ्याला द्यायचा तर बरा द्यावा. आपल्या पोटाला कायव चालता," हे तिचं ठरलेलं. तिची ही खोड मला फार आवडायची.

एकदाच तिने काळजीने विचारलं, "आमी जेटीच्या खातो, घराजवळ पडतात. नातवांच्या पोटात जातात गो. बऱ्या हायत ना?"

दोन्ही पिशव्यांचे आकडे जवळजवळ सारखे आले, मर्यादेच्या खूप आत. सर खूश. मी धावतच सांगायला गेले, "मावशी, बिनधास्त खा!" तिने माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

यंदा मावशी गेली. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. भेटायला गेले, तर निघताना सुनेने पिशवी पुढे केली. "पलीकडच्या हायत. आई सांगून गेल्यात, बाय आली तर पलीकडच्याच द्यायच्या. तुमच्या त्या तपासणीला पण दोनी पिशव्या पलीकडनंच भरायच्या त्या. म्हणायच्या, कॉलेजात न्यायच्या, तर जेटीच्या चिखलातल्या कशा द्यायच्या? लाज नाय वाटायची?"

चूक मावशीची नव्हती. पिशवी कुठे भरते हे बघणं माझं काम होतं, आणि मी चहा पीत होते. जेटीच्या तिसऱ्यांत काय आहे, हे मी कधी मोजलंच नव्हतं.

"आणि तुम्ही?"

"आमी जेटीच्याच. तुमी सांगितल्यापासून आई कदी भ्यायल्या नायत. पोरांना पोटभर घालायच्या."

चुलीपाशी टोपली भरलेली होती. मी म्हटलं, "वहिनी, आजपासून ह्या खाऊ नका." तिला काही कळेना. तिने टोपलीतल्या दोन तिसऱ्या उचलल्या, एकमेकींवर आपटल्या आणि अगदी मावशीसारखा कान दिला.

"खणखणीत हायत की," ती म्हणाली.