भीमरावांच्या चार हिरव्या गोळ्या

झाशीतल्या मराठी मंडळींच्या गणपतीत स्थापनेचा शंख भीमरावांनीच फुंकायचा, हा चाळीस वर्षांचा रिवाज. यंदा मात्र दीड महिना आधी सराव करताना त्यांचा घोळणा फुटला, आणि नाकातलं रक्त तासभर थांबेना. हृदयाच्या झडपेसाठी ते रक्त पातळ ठेवायचं औषध घेतात. तपासणीत रक्त भलतंच पातळ निघालं.

"अगर अगली रिपोर्ट ठीक न आई, तो शंख भूल जाइए," डॉक्टर म्हणाले.

भीमरावांची झोपच उडाली. औषधाची वेळ चुकली नव्हती, पथ्य मोडलं नव्हतं. मग घोडं पेंड खातंय कुठे?

सून शिल्पा सीपरी बाजारात औषधांच्या दुकानात काम करते. तिने सरळ विचारलं, "बाबा, आणखी काही घेता का?"

"औषध नाही गं. फक्त जीवनसत्त्व," म्हणत त्यांनी खण उघडला. आत चार कंपन्यांच्या हिरव्या गोळ्या.

गडी जन्माचा हेडक्लार्क. 'ई' जीवनसत्त्वाचे आठ प्रकार असतात, चार टोकोफेरॉल आणि चार टोकोट्राएनॉल, हे त्यांनी पेपरात वाचलं, आणि कोणावर अन्याय नको म्हणून चार कंपन्या म्हणजे चार प्रकार असं धरून रोज एकेक गोळी सुरू केली. उरलेल्या चारांसाठी समथर गावच्या मित्राला निरोपही धाडला होता. न्यायबुद्धी अशी, की देवानेही हात जोडावेत!

शिल्पाने पाकिटं उलटून पाहिली आणि हसत सुटली. "बाबा, चारींवर अल्फा टोकोफेरॉलच लिहिलंय. एकच भाऊ चार सदरे घालून आलाय."

मग तिने समजावलं. डब्यातलं तेल खवट होतं ना, तशी पेशींतली चरबी खराब होऊ नये म्हणून हे जीवनसत्त्व राखण करतं. आठांपैकी अल्फालाच यकृत जास्त जपून ठेवतं. पण रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर ते असं भाराभर घेतलं, तर रक्त थांबायचं नावच घेत नाही.

"म्हणजे बाकीच्या सातांची फाईल उघडलीच नाही?" भीमराव हिरमुसले.

"ते आपल्या स्वयंपाकघरात आहेत, बाबा. गॅमा तीळ-शेंगदाण्यांत, टोकोट्राएनॉल जवात. जेवा पोटभर."

डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. दर आठवड्याला सुई टोचून घ्यायला भीमराव असे निघत, जणू लग्नाला चाललेत. चौथा रिपोर्ट चांगला आला. पाचवाही चांगला आला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बजाइए, मगर आराम से."

स्थापनेच्या दिवशी गणपतीकडे कोणाचं लक्षच नव्हतं. अख्खा मंडप भीमरावांच्या नाकाकडे बघत होता. शिल्पा पांढरा रुमाल घेऊन शेजारी उभी. त्यांनी शंख ओठांना लावला आणि आराम वगैरे विसरून असा लांबवला, की गुरुजी अक्षता हातात धरून थांबले.

शंख खाली आला. शिल्पाने घाईघाईने रुमाल पुढे केला. भीमरावांनी तो घेतला आणि डोळे पुसले.