तिसऱ्या गेटची मजुरी

सेठनं पायातली चप्पल काढली अन् माह्या कानशिलावर हाणली. कारधा गावात, त्याच्या नव्या घरासमोर. भर दुपारी. मी त्याचं लोखंडी गेट बसवलं होतं अन् फक्त मजुरी मागितली होती.

"मशीन कोणी देल्ली तुले? बिनव्याजी देल्ली ना? मंग मजुरी कायची?"

मी वेल्डर. आमच्यात व्याज देणंही हराम. अब्बा त्यापायी जन्मभर दुसऱ्याच्या दुकानात खपले. मी बँकेत गेलो होतो. म्हटलं, वेल्डिंगची मशीन तुम्ही घ्या, तुमचा नफा जोडा, मले किस्तीनं विका. साहेब म्हणाले, "बँकेले तशी परवानगी नाही. व्याजानं घ्या, नाही तं राहू द्या."

मंग आमच्या जमातीतला हा सेठ पुढं आला. मशीन घेऊन देल्ली. जेवढ्याची तेवढेच फेडाचे, वरून काही नाही. मी त्याचा हात डोळ्याले लावला. आता सांगताना लाज वाटते.

पहिलं गेट त्याच्या गोदामाचं. फुकट. दुसरं जावयाच्या घरचं. तेही फुकट. उपकाराखाली तोंड उघडलं नाही. हे तिसरं.

दुसरी चप्पल तोंडावर बसली. ओठ फाटला. रक्त जिभेवर आलं अन् तवाच समजलं. हेच व्याज आहे. कागदावर नाही, माह्या हाडातून काढलेलं.

ग्राइंडर जोडलेलाच होता. मी बिजागऱ्या कापल्या. ठिणग्या सेठच्या पांढऱ्या कुर्त्यावर उडाल्या. गेट धाडकन् पडलं.

"अबे, पागल झाला का?"

"मजुरी नाही, तं गेट नाही."

त्याच्या दोन माणसायनं मले पाडलं. उजव्या हातावर पाइप घातला. दोन बोटं मोडली. मशीन टेम्पोत टाकून नेली.

प्लास्टर असतानाच जमातीतले बुजुर्ग घरी आले. "बेटा, गोष्ट घरातच राहू दे. सेठमुळं चार गरिबायचं भलं होते."

"त्या चौघायले इचारलं का कधी?"

मी इचारलं. सेठकडून अशीच शिलाई मशीन घेतलेल्या तीन बाया भेटल्या. सेठच्या घरचे कपडे फुकट शिवून राहिल्या होत्या.

व्याजाचं कर्ज मी आजही घेणार नाही. पण येत्या जुम्म्याले, नमाजनंतर, मशिदीसमोर उभा राहणार. त्या तिघी सोबत येणार. सेठचं नाव घेऊन, त्याच्या तोंडावर सांगणार. माह्या किस्ती गेल्या त्या मशीनमधी. ती घेतल्याबिगर मी तिथून हलत नाही.