कसंकाढलं मास्तर

गणिताचं उत्तर बरोबर आलं की बाकीचे मास्तर "शाब्बास" म्हणत. आमचे मास्तर विचारत, "कसं काढलं?" चुकलं तरी तेच, आणि तेही असे डोळे चमकवून, की वाटावं आपण खजिनाच शोधून आणलाय! परळच्या आमच्या शाळेत त्यांचं नावच पडलं, कसंकाढलं मास्तर.

सातवीत मी गणितात सपशेल आपटले. माझे वडील, आबा, गिरणीतून आले आणि म्हणाले, "बास झालं. शाळेतनं नाव काढतो." मी रडरड रडले. मास्तरांना कळलं मात्र! हरताळानं शाळा बंद होती, तर ते थेट चाळीत येऊन आमच्या गॅलरीत संध्याकाळचा वर्ग घेऊ लागले. "हिला येतं हो, फक्त घाबरते," ते आबांना म्हणाले. आबा म्हणाले, "बघू चार दिवस."

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. चाळ नुसती पेटून उठलेली! एकदा ऐन वर्गात आबा सभेहून आले ते ओरडतच, "लाख मान्सं व्हती, लाख!"

"कसं काढलं?" मास्तरांनी विचारलं.

मास्तरांनी लगेच फरशीवर खडूनं चौकोन आखला, पोरांना त्यात दाटीवाटीनं बसवलं आणि मला म्हणाले, "असे किती चौकोन सभेच्या मैदानात मावतील? घाई नको. आधी मैदान काढ." काढलं; तिथं रोज खेळायचो, लांबी-रुंदी पावलांनी ठाऊक होती. गुणाकार केला, पुन्हा केला. पन्नास हजार! आता हे आबांना सांगायचं? शाळा तर गेलीच, वर रट्टाही बसणार!

मास्तर हळूच म्हणाले, "अगं, आवडलं नाही म्हणून उत्तर बदलतात का? कसं काढलं ते सांग."

सांगितलं, एकेक पायरी. आबा लालबुंद झाले. "आन् रस्त्यावर हुबी व्हती ती? गच्चीवरची? ती काय मान्सं न्हाईत?" असं म्हणत त्यांनी मास्तरांच्या हातातला खडू हिसकावला आणि माझ्या मैदानाला रस्ते जोडले! मास्तर तर नाचायलाच लागले. "वा आबा, वा! हे आमचं राहिलंच की!"

मग काय, सगळी चाळ गॅलरीत. मी नव्यानं हिशेब मांडला. ऐंशी हजार. लाख काही भरले नाहीत. आबांनी खडूच्या रेघांवरून बोट फिरवत पुन्हा मोजलं. मला वाटलं, संपलं सगळं.

"बरोबर हाय पोरीचं," ते म्हणाले. मग मास्तरांकडे वळले, "हिचं नाव ऱ्हाऊ द्या शाळेत. उद्याची सभा ह्याहून मोठी हाय."