कॉलर ओढली की गुगली

विकेटकीपरला बॉल सुटला तरच लोक ओळखतात. पकडला तर कुणी ढुंकून बघत नाही. तरीही विभागाच्या संघातल्या या कीपरला स्वतःचं टोपणनाव मिळालं होतं: कुलूप. बॉल ग्लोव्हजमध्ये गेला की गेला. पोटापाण्याला तो शाळेत खेळाचा मास्तर होता. आठवडाभर मुलींना फुटबॉल पायाच्या आतल्या बाजूने अडवायला, व्हॉलीबॉलला हात सरळ धरायला शिकवायचा. खेळ कुठलाही असो, त्याचं पालुपद एकच: "समोरच्याच्या तोंडाकडे काय बघता? चेंडू हातातून सुटतो, हाताकडे बघा." आणि सुट्टीच्या दिवशी स्टंपांमागे उकिडवा बसून बोटं मोडून घ्यायचा. ती इतकी वाकडी झाली होती की शर्टाची बटणं बायकोच लावून द्यायची.

ही बायको म्हणजे भोवऱ्याची धाकटी बहीण. भोवरा संघाचा लेगस्पिनर आणि कुलपाचा शाळेपासूनचा दोस्त. त्यानेच पुढाकार घेऊन बहिणीचं लग्न लावून दिलं होतं. लेगस्पिनरचा नेहमीचा बॉल बॅट्समनपासून बाहेर वळतो. गुगली वरवर सुटते तशीच, फरक असतो तो फक्त मनगटात, पण वळते उलटी, आत. बॅट्समन फसावा म्हणून ती टाकायची. पण त्याच्याबरोबर कीपरही फसला तर चार धावा फुकट. म्हणून या दोघांनी मिसरूड फुटायच्या वयात एक खूण ठरवली होती. भोवऱ्याने पळायच्या आधी कॉलर ओढली की गुगली. ही खूण कुलपाने बायकोलाही सांगितली नव्हती. कप्तानालाही नाही. वर्षानुवर्षं तो भोवऱ्याच्या कॉलरकडे बघून पाय हलवत आला, आणि ती कॉलर एकदाही खोटं बोलली नाही.

मग मोठ्या संघाची निवड आली. विभागाच्याच खेळाडूंचे दोन संघ पाडून चाचणी सामना ठेवला. कुलूप एका संघात, भोवरा दुसऱ्यात. कीपरची जागा एक आणि तिच्यावर डोळा दोघांचा. भोवऱ्याच्या बाजूचा दुसरा कीपर तरणाबांड, केस चापूनचोपून बसवलेला, म्हणून त्याला सगळे चिकणा म्हणत. स्टंपांमागे कुलूप उजवा, याबद्दल दुमत नव्हतं. निवड करणाऱ्यांचा एकच सवाल होता: बॅटिंगचं काय? कुलपाचं वय असं होतं की पुढच्या वेळी कुणी नावही काढलं नसतं. आता नाही तर कधीच नाही.

सकाळी बटणं लावताना बायको म्हणाली, "आज पन्नास काढा. मग बघू कोण नाही म्हणतो ते."

बॅटिंगला उतरल्यावर तो खरंच सुटला. पन्नास हाकेच्या अंतरावर आले आणि भोवऱ्याच्या हाती बॉल दिला गेला. पहिले काही बॉल त्याने शहाण्यासारखे खेळले. मग भोवरा वळला, थांबला आणि त्याने कॉलर ओढली.

दुसरा कुठलाही बॅट्समन असता तर त्याला कॉलरचं काय? त्याने मनगट बघितलं असतं. कुलपाने कॉलर बघितली. गुगली, आत येणार, असं धरून तो पुढे सरसावला, बॅट फिरवली. बॉल बाहेर वळला. मागे बेल्स उडाल्याचा आवाज आला.

जन्मभर दुसऱ्यांना यष्टिचीत करणारा माणूस स्वतः यष्टिचीत झाला. पण त्याच्या काळजात घुसलं ते वेगळंच. बेल्स फार लवकर उडाल्या होत्या. बॉल कुठे जाणार हे ज्याला आधीच ठाऊक असतं, त्याचेच हात इतक्या लवकर पोचतात. हे कीपरला कुणी समजावून सांगावं लागत नाही. भोवऱ्याने खूण चिकण्याला विकली होती, आणि तीही उलटी करून.

खेळ संपल्यावर भोवरा नळावर सापडला.

"आऊट केलंस त्याचं काही नाही," कुलूप म्हणाला. "कॉलर का ओढलीस?"

"अरे, मॅच होती. तू समोरच्या टीममध्ये होतास."

"आणि चिकण्याला कधी सांगितलंस?"

भोवरा नळाखाली हात चोळत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. "मलाही जागा हवी होती रे," तो शेवटी म्हणाला. "तुझी विकेट मोठी होती."

भोवरा निवडला गेला, चिकणाही. घरी बायको आधी म्हणाली, "दादा असं करणारच नाही." मग भावाला विचारून आली आणि चप्पल काढून तशीच भिंतीला टेकून बसली. "खेळात चालतं म्हणाला," एवढंच बोलली. कुलपाने ग्लोव्हज माळ्यावर टाकले. हरल्याचं दुःख माणूस गिळतो; घरच्याने गळा कापल्याचं घशातच राहतं. त्याच्याही राहिलं.

पुढे भोवऱ्याचं नाव झालं. शाळेच्या क्रीडा समारंभाला मुख्याध्यापिकांनी हौसेने त्यालाच बोलावलं. "तुमचे मेहुणेच की! आम्हाला सांगितलंही नाहीत!" भोवरा माइकवर म्हणाला, "माझ्या प्रत्येक विकेटमध्ये अर्धा वाटा माझ्या मेहुण्याचा आहे." टाळ्या पडल्या. कुलपाला वाटलं, माइक हिसकावून घ्यावा आणि कुठली विकेट ते सांगावं.

मुलींनी एक तरी बॉल टाकाच म्हणून गिल्ला केला. कुणीतरी शाळेचे ग्लोव्हज आणून कुलपाच्या हातात कोंबले. नाही म्हणायची सोय नव्हती. तो स्टंपांमागे बसला. भोवऱ्याने लांबून त्याच्याकडे बघितलं, हसला आणि सावकाश, दिसेल अशी, कॉलर ओढली.

पण हात कॉलरकडे जाताना दिसताच कुलपाने मान खाली घातली होती. वर बघितलं तेव्हा बॉल सुटत होता, आणि त्याने फक्त मनगट बघितलं. गुगली होती. आत वळली आणि ग्लोव्हजमध्ये बसली. कुलूप लागलं.

भोवरा हात पसरून धावत आला. "बघितलंत? अजून खूण विसरला नाही माझी!"

"कॉलर मी बघितलीच नाही," कुलूप हळू आवाजात म्हणाला. "हात बघितला. हातावरून सगळं कळतं. तेव्हाही कळलं असतं."

भोवऱ्याचे पसरलेले हात खाली आले. "मग तेव्हा का नाही बघितलास?"

"तेव्हा तशी गरज वाटली नव्हती."

त्याने बॉल भोवऱ्याच्या हातात ठेवला, ग्लोव्हज काढले आणि मुलींना स्टंप उपटायला सांगितलं.