लाल दोऱ्याच्या सात गुंडाळ्या

ऋता, सोहम,

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आईला नाही. तुमच्या आजोबांना नाही – ते गेले, तेही एक खोटं घेऊनच गेले. आता लिहायला बसले आहे. दोनदा बसले आणि उठले. कपाट आवरलं, चष्मा पुसला, पुन्हा बसले.

सोहम, मागच्या खेपेला तू मला विचारलं होतंस – घरात दोन खोल्या रिकाम्या असताना मळ्यातली आजी मळ्यात का राहते? मी म्हणाले, त्यांना मोकळं आवडतं. तू मान डोलावलीस आणि खेळायला गेलास. ते खोटं होतं. तुला सांगितलेलं माझं पहिलं खोटं, आणि किती सहज निघालं तोंडातून! सराव होता ना.

मळ्यातली आजी म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, कमळ. मी त्यांना वन्सं म्हणते, त्या मला वैनी म्हणतात. नवऱ्याने टाकलं म्हणून त्या तरुणपणीच माहेरी, राजुरीला, परत आल्या आणि आमच्या घरातच राहिल्या. तुमच्या आईच्या वेण्या त्यांनीच घातल्या, मी नाही. सकाळी मला शाळेची घाई असे. आणि केसांच्या कामात मी कधीच पडत नसे. का, ते सांगते.

मी गर्विष्ठ बाई आहे, ते लपवत नाही. माझ्या माहेराहून, निरगुडसरसारख्या गावातून पुण्याला जाऊन इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली त्या काळी मी एकटी. तीस वर्षं हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवलं. माझ्या वर्गातलं पोर इंग्रजीत नापास झालं की मला जेवण जात नसे, आणि असं फार वेळा झालं नाही. माझ्या कपाटात आजही कुठली साडी कुठे आहे, हे मी डोळे मिटून सांगेन. या सगळ्याचा मला अभिमान आहे, आणि तो मी कमावलेला आहे.

पण उजव्या हातात लाल पेन आणि समोर पेपरांचा गठ्ठा आला, की माझा डावा हात डोक्यात जायचा. टाळूपाशी. बोटं शोधायची – सगळ्यांत जाड, सगळ्यांत राठ केस कुठला? तो सापडला की दोन बोटांत धरायचा आणि उपटायचा. मुळाशी पांढरा ठिपका असला की बरं वाटायचं. क्षणभरच. मग पुढचा. एक पेपर तपासून व्हायच्या आत मांडीवर पंधरा-वीस केस. मी लहान होते तेव्हापासून हे आहे. थांबवायचं ठरवलं, देवापुढे शपथा घेतल्या, बोटांना चिंध्या बांधल्या. शिवणाच्या डब्यातली लोखंडी टोपणं बोटांत घालून पेपर तपासले. थांबलं का? महिनाभर थांबायचं. मग पुन्हा.

टाळूवर आधी रुपयाएवढं टक्कल पडलं, मग वाटीच्या तोंडाएवढं झालं. आजोबांना सांगितलं, चाई पडली आहे. बिचारे कुठून कुठून लेप आणायचे. वेणीत मी गंगावन घालायचे – विकतच्या केसांचं. टकलावर काजळ फिरवायचे. आणि डोक्यावरून पदर घ्यायचे. नोकरी करणारी दुसरी कुठलीच बाई तेव्हा डोक्यावर पदर घेत नव्हती. गावाला त्याचं केवढं कौतुक! 'बाई एवढ्या शिकल्या, पर रीत न्हाई सोडली.' सासूबाई तर दारात येईल तिला माझा पदर दाखवायच्या. आणि मी? मी ते कौतुक घेत राहिले. एसटीत खिडकीपाशी बसले नाही, उन्हाळ्यात वाऱ्याला गच्चीत गेले नाही, पण कौतुक मात्र घेतलं.

हा माझा दोष नाही. असं मी आज म्हणू शकते, कारण ऋता, ते तू मला शिकवलंस. केस उपटणं हा गुन्हा नाही. गुन्हा पुढे आहे.

उपटलेल्या केसांचं काय करायचं? आपल्याकडे विंचरताना गळलेल्या केसांचं गुंतवळ पिशवीत साठवतात. ते घ्यायला बाई येते आणि त्याच्या बदल्यात सुया, पिना, एखादं भांडं देते. पण माझे केस गुंतवळात टाकले असते तर पिशवी आठ दिवसांत फुगली असती, आणि सासूबाईंची नजर बारीक. चुलीत घालावेत तर जळक्या केसांचा वास लपत नाही. मग मी त्यांच्या गुंडाळ्या करायचे. बोटाभोवती नीट गुंडाळून, मध्ये दोऱ्याने बांधून, एकसारख्या. शिस्त ना! आतल्या खोलीत बाजरीची पत्र्याची कोठी होती, तिच्यामागे ठेवायचे आणि शाळेला जाताना पुलावरून नदीत सोडायचे. एका वर्षी शाळेत चाचणी परीक्षा होती. नदीवर जायचं राहून गेलं. सात गुंडाळ्या साठल्या. दोरा लाल होता – रीळ हाताशी तेच होतं म्हणून. पांढरा असता तर?

नव्वदच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. तुमच्या आईचं लग्न ठरत नव्हतं. दोनदा ठरलं आणि दोनदा मोडलं. घरात सगळे धास्तावलेले. नवरात्राआधी घर झाडायला काढलं, कोठी सरकवली, आणि सासूबाईंच्या हाताला त्या गुंडाळ्या लागल्या.

मुळासकट उपटलेले काळेभोर लांब केस. लाल दोरा. सात.

तुम्हाला हे परदेशात कळायचं नाही. आमच्याकडे त्या वेळी असं काही सापडलं, तर ते काय आहे, हे कुणाला विचारायची गरज नसे. शेजारची बाई मदतीला आली होती. ती दोन पावलं मागे सरली आणि म्हणाली, "आगं बया, करणी हाय ही! आन् घरातल्याच बाईचा हात हाय."

सगळ्यांनी वन्संकडे पाहिलं. गुडघ्यापर्यंत काळेभोर केस कुणाचे? वन्संचे. त्या खोलीत निजत कोण होतं? वन्सं. टाकलेली, मूलबाळ नसलेली कोण? सासूबाई स्वतःच्या पोटच्या लेकीला म्हणाल्या, "तुझं मोडलं, आता पोरीचं मोडतीस व्हय गं?"

वन्सं म्हणाल्या, "न्हाई गं आई. माझं केस न्हाईत ते." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला काय करायचं होतं? पदर खांद्यावर पाडायचा होता. बस, एवढंच. बोलायचीसुद्धा गरज नव्हती. दोनच महिन्यांपूर्वी मी शाळेत अंधश्रद्धेवर भाषण केलं होतं, टाळ्या पडल्या होत्या. मी हात वर नेला – आणि पदर आणखी पुढे ओढून सारखा केला.

का? नवऱ्या मुलाच्या आईला वेड आहे म्हणाले असते तर चाललं असतं, पण नवरीच्या आईला? घराण्यातच आहे म्हणाले असते. तिसरं स्थळही मोडलं असतं. हे खरं आहे. पण हे मी नंतर जुळवलेलं आहे. त्या क्षणी माझ्या मनात तुमची आई नव्हती. माझं डोकं होतं. गावाने बाईंचं टक्कल पाहू नये, एवढंच होतं.

तिसऱ्या दिवशी वन्सं मळ्यात राहायला गेल्या. विहिरीपाशी मोटारीची खोली होती, तिच्यात. दीड महिन्यात तुमच्या आईचं लग्न ठरलं. घराला पुरावा मिळाला – बला गेली, काम झालं! तो पुरावा मी ऐकून घेतला, मान हलवली, अक्षतांच्या पुड्या मोजून ठेवल्या. लग्नाच्या दिवशी मी वन्संना ताट वाढून पाठवलं. ताट घासूनपुसून लख्ख परत आलं. पुरणपोळी त्यांनी म्हशीला घातली होती, आणि ते सांगायला विसरू नको म्हणून गड्याला बजावलंही होतं.

त्या तिथे मोडून पडल्या असं समजू नका. आधी वाफाभर, मग गुंठा-दोन गुंठे, असं करत त्यांनी कांद्याची रोपं टाकली. आज पिंपरी पेंढारपासून थेट माझ्या माहेरापर्यंत लोक 'आत्याचं रोप' मागतात. टेम्पोवाल्याला म्हणतात, 'राव, रोप आत्याचं असलं तरच आण.' खोलीच्या त्यांनी दोन खोल्या केल्या, फोन घेतला. पुढे ऊस वाढला आणि उसात बिबटे आले. संध्याकाळ झाली की मी गच्चीवरून मळ्यातला दिवा लागतो का ते बघायचे. दिवा लागला की जेवायला बसायचे. हे काही प्रायश्चित्त नव्हे. दिवा त्या लावत होत्या, मी नुसती बघत होते.

लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांनी त्यांनी मला एक बाटली पाठवली. माक्याचं तेल, स्वतः कढवलेलं. सोबत गड्याकडून निरोप – 'वैनीला म्हणावं, चोपडून लावा. बोटं घसरली पायजेत.'

बोटं घसरली पाहिजेत. त्यांना माहीत होतं. अर्थातच माहीत होतं. ज्या खुर्चीत बसून मी पेपर तपासायचे, तिच्याखाली रोज झाडू कोण मारत होतं?

तेल लावलं. बोटं खरंच घसरतात. माझं टक्कल कधी पूर्ण भरलं नाही, पण वाटीचं पुन्हा रुपयावर आलं ते त्या तेलाने. दर दोन महिन्यांनी बाटली येत राहिली आणि मी लावत राहिले. आणि गप्प राहिले.

तुम्हाला वाटेल, सांगून झालं. नाही. अजून एक आहे, आणि तेच वाईट आहे.

सासूबाई शेवटच्या आजारात होत्या. तुमची आई केव्हाच परदेशात गेली होती, ऋता शाळेत जायला लागली होती. मी निवृत्त झाले होते. नोकरी जाणार नव्हती, स्थळ मोडणार नव्हतं. मला कशाचीही भीती उरली नव्हती. एका सकाळी मी त्यांची चादर बदलत होते, तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, "कमळीनं खरंच केलं आसंल का गं ते?"

खोलीत आम्ही दोघीच होतो. त्या म्हातारीला इतकी वर्षं तेच टोचत होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी चादरीची सुरकुती काढली आणि म्हणाले, "औषधाची वेळ झाली." चमचा त्यांच्या तोंडाशी धरला. त्यांनी औषध घेतलं. पुन्हा विचारलं नाही. दहाव्या दिवशी त्या गेल्या.

पहिल्या वेळी मी घाबरले होते. या वेळी मी फक्त मी होते.

मग गेल्या वर्षी ऋता, तुझा फोन आला. बारा वर्षांची तू – "आजी, मी केस उपटते. त्याला नाव आहे, डॉक्टरांनी सांगितलं. मी वर्गात पण सांगितलं, म्हणजे कुणी उगाच काही बोलायला नको." असं म्हणालीस, जसं कुणी म्हणावं की मला चष्मा लागला. टोपी न घालता शाळेत जातेस म्हणालीस. मी इकडे फोन धरून ताठ उभी राहिले. मला इतका अभिमान ना माझ्या पदवीचा वाटला होता, ना निकालांचा. आणि त्याच फोनवर मी तुला म्हणाले नाही की बाळ, मीसुद्धा. तुझ्या आईला वाटतं आहे, हे तुला कुठून आलं कोण जाणे. माझ्याकडून आलं असेल. आता सांगितलं.

हे इथवर लिहून झाल्यावर आज मी कागद घेऊन मळ्यात गेले. दुपारची वेळ होती. वन्सं आंब्याखाली बसून कांद्याचे वाळलेले गोंडे चोळून बी काढत होत्या. त्यांच्या रानात काम करणाऱ्या दोन बायकाही होत्या. मी पदर डोक्यावरून काढला आणि उभ्यानेच वाचायला लागले. बायकांचे हात थांबले. वन्संचे थांबले नाहीत. सात गुंडाळ्यांपाशी मी थांबून चष्मा पुसायला लागले, तशा म्हणाल्या, "वाचा फुडं. ठावं हाय मला." मी विचारलं, मग त्या दिवशी का बोलला नाहीत? "कुणी ऐकलं आसतं? तुमी मास्तरीण, मी टाकल्याली."

तुझ्या फोनचं वाचलं तेव्हा मात्र त्या हसल्या. "पोरगी लई गुणाची. बोलून मोकळी झाली. तुमच्यावर न्हाई गेली," म्हणाल्या. "तेल धाडा तिला."

राहिलेलं वाचलं. कागदाची घडी घातली. त्यांनी सूप उचललं, बी पाखडलं, फोल उडून गेलं, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आईला तरी सांगायचं व्हतं, वैनी."

घरी येऊन मी ते वाक्य इथे लिहिलं आहे. माझ्या कागदात ते नव्हतं. असायला हवं होतं.

आजी