काढू का ठेवू : तामसीहून नेरडीगोंड्यापर्यंत

शनिवारी सकाळी आमच्या तामसीले आदिलाबादची बस आली तवा मी पळतच चढली, कडेवर सोनू, खांद्यावर थैली, आन् मागून आत्याबाई, म्हंजे माह्या सासूबाई, "हळू वं, पडशीन!" म्हनत. बस तं उभीच होती, ड्रायव्हर खाली चहा पिऊन राह्यला होता, मंग मी काऊन पळाली हे माह्यं मलेच समजलं नाई. तीन हप्त्यापासून माह्यं असंच हाये, बसल्या जागी दम लागते.

बचत गटाच्या बाया मले सारख्या इचारते का कुठं गेल्ती, काय पाह्यलं, म्हनून लिहून ठेवते. सातवी झाली माह्यी, तेही अर्धी. चुकलं तं सांभाळून घ्या.

गोष्ट अशी का माह्या डाव्या छातीत गाठ होती. सोनू अंगावर पिते, म्हनून आत्याबाईनं म्हनलं का दुधाची गाठ हाये, आपल्याकडे सगळ्याच बायांले होते. ज्वारी तव्यावर गरम करून, फडक्यात बांधून रोज शेकून देत त्या. दिवसभर वावरात राहून संध्याकाळी मले शेकत, लय मायेनं. चार महिने शेकलं. गाठ काई गेली नाई. मंग आदिलाबादच्या दवाखान्यात सुई टोचून तपासली तं कॅन्सर निघाला.

डॉक्टरीणबाईनं समजावून सांगतलं. एक तं सगळी छाती काढायची. नाईतं गाठ आन् तिच्या आजूबाजूचं थोडंसं काढायचं, बाकी ठेवायचं, पन मंग हैदराबादले राहून कित्येक हप्ते रोज लाईट घ्या लागन (रेडिएशनले बाया लाईट म्हनते). "तुझी गाठ अजून लहान आहे, तुझ्या जिवाला दोन्ही रस्ते सारखेच," त्या म्हनल्या, "सोमवारी सांग, काय करायचं." मी म्हनलं, "तुमीच सांगा ना बाई." त्या म्हनल्या, "छाती तुझी आहे." इतकं भेव मले कॅन्सर ऐकून नाई वाटलं जितकं हे ऐकून वाटलं.

घरी आत्याबाई म्हने, काढून टाक, झंझट नोको. सोनूचे बाबा म्हने, आई म्हनते तसं करू. मले काईच म्हनता येईना. मंग वार्डातल्या नर्सनं दोन बायांले इचारून त्याईचे पत्ते देल्ले. एकीनं ठेवलं होतं, एकीनं काढलं होतं. मी म्हनलं त्याईलेच इचारून येते, पस्तावा होते का नाई होत. जिले नाई होत तिच्यासारखं करू. आत्याबाई म्हनल्या, मी येते संगं, तू एकटी रस्ताभर रडशीन.

पहिली फजिती बसमंधीच. तेलंगानात बायांले बस फुकट हाये, मी आपलं आधार कार्ड ऐटीत पुढं केलं. कंडक्टर म्हने, "अम्मा, ये तो महाराष्ट्र का है, फ्री नै होता." माह्यं माहेर किनवटाकडचं, लग्नाले चार वर्सं झाले तरी कार्ड तिकडचंच. आत्याबाई भडकल्या. "पोरगी आमची, लेकरू आमचं, सैपाक आमच्या चुलीवर करते, आन् कार्डावर तिकडची कशी?" पूर्न बस हासली. कंडक्टरही हासला, पन तिकीट त्यानं फाडलंच. आत्याबाई पूर्न रस्ताभर म्हनत राह्यल्या का सोमवारी दवाखान्याच्या आधी हे कार्ड बदलू. तेवढा वेळ मी गाठ इसरली.

आदिलाबादले उतरून ऑटोनं मावल्याले गेलो. आधी मावल्याची वसुधाताई. त्याईच्या आजोबापासून हे लोकं इथंच, सगळे नोकरीवाले. ताई बँकेत हाये, त्या दिवशी बँकेले सुट्टी होती. घर छान, दारात कढीपत्त्याचं झाड. मले पाहून पह्यलेच म्हनल्या, "धावत आलीस का गं? बस. आधी पाणी पी."

"नाई ताई, मले असाच दम लागते."

"मलाही लागायचा. जातो तो."

त्याईनं गरम पोहे देल्ले. सोनूनं माह्या वाटचे खाल्ले. ताईनं गाठच काढली होती, छाती ठेवली, हैदराबादले बहिनीकडे राहून रोज लाईट घेतले. कातडी भाजल्यासारखी काळी पडली होती म्हने, लय थकवा येत होता, तरी बहिनीच्या पोराईचा अभ्यास घेत होत्या. मी मंग इचारूनच टाकलं, "ताई, तुमाले पस्तावा होते का?"

मले वाटलं त्या नाई म्हनन. त्याईनं चष्मा काढला, ओढनीनं पुसला.

"होतो. तपासणीची तारीख जवळ आली की होतो. जरा कुठं दुखलं की वाटतं, सगळं काढलं असतं तर ही धास्ती तरी नसती. मग रिपोर्ट चांगला येतो आणि आरशात बघून वाटतं, बरं झालं ठेवलं. पाच वर्षं झाली, असंच चाललंय."

आत्याबाईले जोर आला. "पाह्य! म्हनलं नव्हतं का मी? काढून मोकळं होवावं."

"काकू," ताई हासून म्हनल्या, "पोहे घ्या अजून. आणि तिला तिचं तिचं ऐकू द्या."

आत्याबाईले असं कोनी बोलत नाई. त्याईनं अजून पोहे घेतले.

जातांनी ताई म्हनल्या, चला, हायवेपर्यंत सोडते, आन् स्कूटी काढली. मी म्हनलं आमी तीन जीव हावो. ताई म्हने, बसा. आत्याबाई जिंदगीत पह्यल्यांदा स्कूटीवर, डोळे गच्च मिटून, ताईचा कुर्ता दोन्ही हातानं धरून, त्याईच्या मांगं मी, मधात सोनू खिदळत. मी मागून आत्याबाईच्या खांद्यावरून ताईच्या पाठीकडे पाहून राह्यली होती. जिले दर तारखेले भेव वाटते ती बाई रोज बँकेत जाते, अशी स्कूटी चालवते, आन् एका अनोळखी बाईले सुट्टीच्या दिवशी आपला पस्तावा खराखरा सांगते. माह्याच्यानं नसतं झालं.

मावल्याहून नेरडीगोंड्याची बस हायवेनं जाते. दोन्ही बाजूनं कापूस फुटलेला, वावरं पांढरे शिपट, वेचनीच्या बाया ओळीनं वाकलेल्या. मंग इच्चोड्याच्या पुढं सागाचं रान लागते, मोठमोठे पानं, त्यातून ऊन गळून राह्यलं. रस्त्याच्या कडेले सीताफळाच्या टोपल्या. बसमंधी बाजूले एक तेलुगू अक्का (मोठ्या बहिनीले म्हनते) बसली होती, तिनं सोनूले पिकलेलं सीताफळ देल्लं. सोनूनं ते माह्या लुगड्याले फासलं. मी रडाले लागली, लुगड्यासाठी नाई, उगीच. अक्कानं पदरानं लुगडं पुसून देल्लं, आन् म्हने, "भयपडकु." भेऊ नोको, असं.

नेरडीगोंड्याहून आत एका खेड्यात गंगाबाईचं घर. दुसरी बाई ती. घरी नव्हती, वावरात होती. कंबरेले ओटी बांधून कापूस वेचून राह्यली होती, पन डाव्या हातानं. उजव्या बाजूची छाती काढली तवापासून तो हात सुजते, डॉक्टरनं त्याले जपाले सांगतलं. डाव्या हातानं वेचनं सोपं नाई, बायांनो, तुमाले ठाऊक हाये, बोंडाचं टोक बोटाले टोचते. मीही ओटी बांधून संगं वेचाले लागली, तरी तिची ओटी माह्या ओटीपेक्षा लवकर भरत होती.

"आदिलाबादच्या नर्सनं धाडलेली का तू? ये वं माय. ह्या सासू का? सासू संगं आली म्हंजे दिवस बरे हायेत."

घरी नेलं तिनं. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी (तिकडे गोंगुरा म्हनते) आन् ठेचा. तीन हप्त्यात पह्यल्यांदा मी पोटभर जेवली. जेवता जेवता मी पाहून राह्यली होती का तिच्या दोन्ही छात्या सारख्या कशा दिसते. तिनं पकडलं मले.

"काय पाह्यते? पायजे का तुले?" म्हने, आन् पोलक्यात हात घालून फडक्याची एक गोल पोटली काढून माह्या हातात देल्ली. जड होती. बरोबर तेवढीच जड. वरून मऊ.

"वरून आपला कापूस, आत ज्वारी. नुसता कापूस भरला तं तो गळ्याकडे सरकते, वजन पायजे ना. पन कच्ची भरू नोको बाई! पह्यल्या वर्षी मी कच्ची भरली. पुतन्याच्या लग्नात पंगतीत वाढून राह्यली होती तं मले गुदगुल्या. पाह्यते तं काय, ज्वारीले किडे पडले, आन् एक एक करून पोलक्यातून वऱ्हाड निघालं!"

मी हासली. आत्याबाई हासल्या. हासता हासता मले खरंच दम लागला.

"तवापासून तव्यावर भाजून घेते," गंगाबाई म्हने. "गार करून भरते. आतापर्यंत चार बायांले शिवून देल्ल्या."

मी इचारलं, "मावशी, काढलं त्याचा पस्तावा होते का?"

ती भाकरीचा तुकडा मोडत राह्यली. "मालक आन् जेठ, त्याईचे मोठे भाऊ, डॉक्टरच्या खोलीत होते. मी बाहेर बाकड्यावर. बाहेर येऊन म्हने, ठरलं, बुधवारी. चांगलेच होते दोघं, माह्यासाठी रडले. पन आत काय बोलले ते मले अजून माईत नाई. कदाचित मी बी काढूनच टाक म्हनली असती. कदाचित नाई. आठ वर्सं झाले, कापूस वेचता वेचता मी त्या खोलीत जाते आन् माह्याच मनानं बोलून येते. कधी हे म्हनते, कधी ते."

"मंग मी काय करू?"

"मी नाई सांगत," गंगाबाई म्हने. "मी सांगीन तं जिंदगीभर मले शिव्या देशीन. मले आधीच लय काम हाये."

सोनूनं ती पोटली माह्या हातातून ओढली आन् तोंडाले लावली. गंगाबाई खो खो हासली. आत्याबाईनं ती हळूच सोनूच्या हातातून घेतली. फडक्यावरून बोटं फिरवले त्याईनं. आतले दाने चाचपून राह्यल्या होत्या. तशीच ज्वारी, तसंच फडकं, तसंच बांधलेलं. त्याईचं तोंड उतरलं. पोटली परत देल्ली आन् सोनूले कडेवर घेतलं.

परतीच्या बसमंधी सोनू झोपली. ऊन कलतं झालं होतं, कापसाच्या गाड्या जिनिंगकडे चालल्या होत्या. इच्चोडा गेला, गुडीहत्नूर गेलं, आत्याबाई खिडकीबाहेरच पाहून राह्यल्या होत्या. मंग तसंच बाहेर पाहत म्हनल्या,

"चार महिने शेकलं मी तुले."

"तुमी मायेनं शेकलं आत्याबाई."

"मायेनंच. मलेच सगळं समजते असं वाटे." जराशानं त्या माह्याकडे वळल्या. "तुले काय वाटते वं?"

चार वर्सात त्याईनं मले असं इचारलं नव्हतं. आज भाजी कोनती करू हेही मीच त्याईले इचारते. मले कोनी इचारन याची मी तयारीच केली नव्हती, म्हनून तोंडातून जे निघालं ते मीही पह्यल्यांदाच ऐकलं.

"काढू म्हनते. पूर्न. इतके हप्ते हैदराबादले राहून मले सोनूबिगर जमनार नाई, आन् वसुधाताईसारखी हिंमत माह्यात नाई, दर तारखेले भेऊन परत स्कूटी चालवायची. मले वाईट वाटन. आरशात पाहवनार नाई. तरी काढू म्हनते."

"मी म्हनली होती म्हनून नोको म्हनू हो."

"नाई. तुमी म्हनल्या होत्या म्हनून तं दोन दिवसापासून ठेवूच म्हनत होती मी मनात."

आत्याबाई इतक्या जोरात हासल्या का सोनू उठली.

घरी आलो तं सोनूचे बाबा दारात उभे. "काय ठरलं आई?" त्याईनं आईले इचारलं. आत्याबाई चपला काढत म्हनल्या, "मले काय इचारते? तिले इचार." त्याईनं मले इचारलं, आन् मी दुसऱ्यांदा सांगतलं. सोमवारी डॉक्टरीणबाईले तिसऱ्यांदा सांगीन, कोनी बाहेर बाकड्यावर बसनार असन तं सोनूचे बाबा बसन.

मी निघाली होती अशी बाई पाहाले का जिले पस्तावा नाई. तशी एकही भेटली नाई. दोघी पस्तावा घेऊनच कामाले जाते, हासते, दुसऱ्याले जेवू घालते. माह्याही वाटेले येईन तो. पन त्या खोलीत मी होती हे मले माईत राहीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात गेली, आमच्या कापसातून चांगला पाहून मूठभर बाजूले ठेवला. घरी येऊन पाहते तं आत्याबाई चुलीपाशी. तव्यावर ज्वारी होती, आन् त्या जाळ कमी करून सावकाश हलवून राह्यल्या होत्या, एकही दाना कच्चा राहू नये म्हनून.