मधले दोन हात

सकाळी सातला टीव्ही लागला की मालूचं डोकं तापायचं. कोण कुठल्या पक्षातून कुठं उडी मारून गेला, कोणी कोणाला गद्दार म्हटलं, आणि काल गद्दार म्हणणारा आज त्याच्याच गळ्यात हार घालून दात काढतोय. "अरे, जनाची नाय तर मनाची तरी!" म्हातारी टीव्हीवर ओरडायची. सून अनिता म्हणायची, "आई, बीपी वाढतो तुमचा, नका बघू." मग मालू टीव्ही बंद करायची आणि पाच मिनिटांनी परत लावायची. बघवतही नाही नि राहवतही नाही, अशी गत.

बहात्तर वर्षांची बाई. पेणच्या खाडीकाठच्या या गावात सतराव्या वर्षी लग्न होऊन आली, आणि त्याच पावसाळ्यात उधाणाला बांध फुटला. खाडीचं खारं पाणी एकदा शेतात घुसलं की एका वर्षात जात नाही. तीन वर्षं गावच्या शेतात भाताची काडी उगवली नाही आणि ही नवी नवरी मिठागरावर पायाची सालं सोलून घेत होती. पुढं बांधासाठी तिनं पेणच्या कचेरीवर मोर्चे नेले, दंडुका उगारलेल्या पोलिसाला "हात लावून तर बघ" म्हणाली. तेव्हा राजकारण तिला काही नवं नव्हतं. पण गावात कितीही भांडणं झाली तरी जोळ चुकत नसे. जोळ ही इथली जुनी रीत. मोठ्या उधाणाआधी घरटी एक माणूस बांधावर, सगळे ओळीनं उभे, आणि चिखलाचा गोळा या हातातून त्या हातात. ओळीतली जागासुद्धा ठरलेली. मालूच्या घरच्या माणसाशेजारी तिच्या मैत्रिणीच्या, पुतळीच्या घरचा माणूस, कारण शेताला शेत लागून.

दोन वर्षांपूर्वी पक्ष फुटला आणि पाठोपाठ गावही फुटलं. मालूचा मुलगा आदेश एकीकडे, पुतळीचा निलेश दुसरीकडे. लहानपणी एका ताटात जेवलेली पोरं, रोह्याला एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला; आता हा गाडीच्या पुढच्या डब्यात चढतो तर तो मागच्या. पोरांच्या नादानं मालू-पुतळीनंही बोलणं टाकलं, आणि याची मालूला सगळ्यात जास्त चीड. चीड पुतळीची नव्हे, स्वतःची.

त्यात कहर म्हणजे वरचे दोन्ही पुढारी सहा महिन्यांपूर्वी एकत्र सत्तेत जाऊन बसले. खाली मात्र भांडण चालूच. "ते बसलेत एका पंगतीला नि तुम्ही खरकट्यावरनं भांडताय!" मालू आदेशला म्हणाली.

"आई, तुला त्यातलं कळत नाय."

पायातली चप्पल हातात घ्यावी असं वाटलं तिला.

यंदा ज्येष्ठातल्या अमावास्येचं उधाण मोठं होतं, आणि जोळ काही बसेना. एका ओळीत उभं राहायला कोणी तयार नाही. शेवटी तोडगा निघाला: अर्धा बांध यांनी करायचा, अर्धा त्यांनी. दोन रविवार काम झालं. कामाच्या आधीच दोन्ही टोकांना फ्लेक्स लागले, हात जोडून हसणारे पुढारी.

मालूनं भाताचं बी भिजत घातलं. अनितानं पिंप बघून कपाळावर हात मारला. "आई, बांधाचा भरवसा नाय नि तुम्ही बी भिजवताय! त्यातही एवढं? आपल्या शेताला दुप्पट झालं हे."

"बांध माझ्या एकटीच्या हातात नाय, बी हाय. गप बस तू."

अमावास्येला सकाळी ती बांधावर गेली आणि बघते तर काय! इकडून आदेशच्या माणसांनी बांध आपल्या हद्दीच्या खुंटीपर्यंत आणला होता, तिकडून निलेशच्यांनी त्यांच्या खुंटीपर्यंत. दोन खुंट्यांच्या मधले दोन हात तसेच, खचलेले. एकानं दुसऱ्याच्या चिखलाला हात लावायचा नाही म्हणून! आणि ती खांड पडली होती नेमकी मालूच्या नि पुतळीच्या शेताच्या मध्ये. अमावास्येला समुद्राला बाराला भरती, आत खाडीत तासभर उशिरा. दहा वाजून गेले होते.

तिनं रात्रपाळीहून घरी आलेल्या आदेशला फोन लावला. "आमचा खुंटीपर्यंत झालाय, आई. पुढचा त्यांचा," तो म्हणाला.

मालूनं फोन कमरेला खोचला. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, बुडू दे. सगळंच बुडू दे एकदाचं. रडूही येत होतं नि त्या रडण्याचाच राग येत होता. ती सरळ जाऊन त्या खांडीत फतकल मारून बसली.

पलीकडून पुतळी येत होती, डोक्यावर रिकामं घमेलं. थबकली. दोन वर्षांनी तोंड उघडलं तिनं. "काय गो, मरायला बसलीस?"

"मरत नाय. बस तू पण."

पुतळी घमेलं बाजूला टाकून चिखलात बसली आणि निलेशला फोन केला. "मी नि मालू खांडीत बसलोय. भरतीच्या आधी यायचं तर ये, नायतर मयताला ये."

अर्ध्या तासात अख्खं गाव बांधावर. आदेश धापा टाकत आला. "आई, ऊठ!"

"ओळीत उभा राहा, मग उठते."

आदेश उभा राहिला. शेजारची जागा निलेशची, तो मान खाली घालून तिथं उभा राहिला. गोळे सरकू लागले. म्हाताऱ्या उठल्या, पण चिखल टिकेना. पाणी चढत होतं आणि टाकलेला गोळा विरघळून जात होता. खाली काहीतरी धरून ठेवणारं हवं होतं.

"ते फ्लेक्स काढा," मालू म्हणाली.

"आई, साहेबांचा फोटो हाय त्यावर!"

"मग साहेबाला म्हणावं, एवढी वर्षं मतं नेलीस, आज दोन तास पाणी अडव!"

कोणीतरी फिस्सकन हसलं. दोन्ही फ्लेक्स घडी करून एकावर एक खांडीत गेले आणि वर चिखल पडू लागला. एक वाजता खाडीचं पाणी बांधाच्या माथ्याखाली चार बोटांवर येऊन थांबलं. मग उतरलं.

आणि पाणी उतरतंय न उतरतंय तोच वर कोणाचा फ्लेक्स नि खाली कोणाचा, यावरून पोरांची जुंपली! मालूनं कपाळ बडवलं. "हे फ्लेक्स उकिरड्यावर नेऊन टाकायला हवे होते, बांधावर नाय."

पुतळी हसली नाही. ती आपल्या शेताकडे बघत होती. "शेत वाचलं गो. पण मी बीच भिजवलं नाय. म्हटलं, यंदा बुडणारच हाय, कशाला भिजवा."

"मला ठाव व्हतं," मालू खेकसली. "तू पहिल्यापासनं अशीच रडतराऊत. चल घरी, मी दोन घरांचं भिजवलंय."